डाळिंब घातलेल्या घुगऱ्या

आमच्या आईचं समुद्राशी कधी जमलं नाही. बालाघाटात वैनगंगा आहे, तेवढं पाणी माणसाला पुरतं, असं तिचं मत. भाऊ जहाजावर इंजिनियर झाला तेव्हाच ती चिडली होती. ऐंशी सालानंतर कधीतरी तो ग्रीसची बायको आणि दोन महिन्यांची मुलगी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पाठ फिरवून आत गेली.

भावाची सुट्टी संपत आली होती. त्याला पुन्हा वर्षभर जहाजावर जायचं होतं आणि तेवढं वर्ष बायको-मुलगी आमच्याकडे राहाव्यात असं त्याच्या मनात होतं. वहिनीला मागे आईबाप नव्हते. आई तिला ठेवून घेते की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता.

एका संध्याकाळी मी वहिनीला तिच्या गावाबद्दल विचारलं. तिने पंजा जमिनीवर ठेवला आणि बोटं पसरली. ग्रीसचा दक्षिणेचा भाग असा तीन बोटांनी समुद्रात उतरतो, मधलं बोट आमचं, त्याला मानी म्हणतात. ती इंग्रजीत बोलायची आणि भाऊ मराठीत सांगायचा. दोन्हीकडे समुद्र, मधे उघडाबोडका डोंगर, दगडांतून वाढलेली ऑलिव्हची झाडं. घरं म्हणजे उंच दगडी बुरूज आणि खिडक्या एवढ्याशा, कारण पूर्वी शेजाऱ्यांची वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालायची आणि समोरच्या घरातून गोळी यायची. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी.

"पाणी नाही, माती नाही," आई सुपारी कातरत म्हणाली, "तं मंग लोकं खातात काय? दुसऱ्याचा पोरगा?"

भावाने हे काही तिला सांगितलं नाही. आईने काही चांगलं विचारलं असेल असं वाटून वहिनी हसली आणि सांगत राहिली. तिकडे माणूस गेलं की बायका केस मोकळे सोडून त्याच्यासमोर बसतात आणि गातात. गाणं तिथल्या तिथे रचायचं, मेलेल्याशी थेट बोलायचं, त्याचं बरंवाईट सगळं त्याच्या तोंडावर म्हणायचं. मग गहू शिजवून त्यात साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून वाटायचे. तो गहू मेलेल्याच्या नावाचा. तिची आई गेली तेव्हा तिने स्वतः शिजवला होता.

आईचा अडकित्ता थांबला. "काय काय घालतात म्हणे त्याच्यात?"

भाऊ खूश झाला. आईने सुनेत पहिल्यांदाच रस घेतला होता. त्याने सगळं पुन्हा नीट सांगितलं, वरून पांढरी पिठीसाखर पेरतात हेसुद्धा.

आठवडाभरात आईने स्वतःहून नातीचं बारसं काढलं. उशिरा का होईना, केलं पाहिजे म्हणाली. बारशाला आमच्याकडे हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर पातेल्यात गहू रटरटत होता आणि आई डाळिंब सोलत बसली होती. आजारी माणूस सोडून कुणासाठी आमच्या घरात डाळिंब आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"चणे काहून नाही टाकले?"

"तिच्या रीतीनं करून राह्यली," आई म्हणाली. "जाईल तं जाईल ते घर सोडून. माझा पोरगा कुठी जात नाही."

मी तिला नाही नाही ते बोलले. ती दाणे सोडवत राहिली. भावाला सांगायला धावले, तर तो पेढे आणायला बाजारात गेला होता, आणि बायका दारात आल्या होत्या. मला आईचा त्या दिवशी जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

आईने गव्हाची ताटली, वर पांढरी साखर पेरलेली, पाळण्यात पोरीच्या उशाशी ठेवली.

वहिनीने ताटलीकडे पाहिलं, मग आईकडे. तिने ताटली उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली. सकाळी मी घातलेली वेणी सोडली, केस मोकळे केले, आईसमोर जमिनीवर बसली आणि गायला लागली.

बायकांना फार आवडलं. "तिच्या इकडचा पाळणा हाय वाटते," शेजारीण म्हणाली आणि तालावर दोरी ओढू लागली. बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. संपल्यावर एकीने आग्रह केला, "बहू, एक और सुनाओ ना." मग सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि छान झाल्यात म्हणाल्या. भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा होता. आई हलली नव्हती.

बायका गेल्यावर तिने त्याला विचारलं, "काय म्हणे ते?"

"तुले रडत होती," भाऊ म्हणाला आणि बॅग भरायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या लाईनच्या गाडीने तिघं गोंदियाला गेली. भाऊ पुन्हा बालाघाटला आला नाही. आई दर दिवाळीला त्याच्या वाटणीचा फराळ डब्यात काढून ठेवायची आणि तुळशीचं लग्न झालं की कामवालीला द्यायची. मला तिची दया आली नाही.

दशक संपता संपता आई गेली. मी भावाच्या घरी ट्रंक कॉल लावला. भाऊ जहाजावर होता, फोन वहिनीने घेतला. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी आई गेल्याचं सांगितलं. मग ती बोलली, आणि भावाने तिला आमची बोली शिकवली आहे हे मला तेव्हा कळलं.

"हौ," ती म्हणाली. "मी रडली ना तिच्यासाठी. तवाच."