खालच्या बांधीतलं बी

१६ नोव्हेंबर, रविवार. हजर: मी, धाकटा भाऊ, शेजारच्या काकू. गैरहजर: आई. ती वैशाखात गेली. बी निवडायच्या दिवशी ती नाही, असं पहिल्यांदाच झालं.

सोबतचं सामान: विळे दोन, सूप एक, टोपली एक, सुतळी, पाणी, डब्यात पोळी-भाजी. साकोलीहून बस बदलत सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावी पोहोचले, तेव्हा भाऊ नागपूरहून येऊन बांधावर उभा होता, फोन कानाला लावून. फोन संपल्यावर म्हणाला, "हार्वेस्टर मंगळवारी येते ताई. तुले जे वेचायचं ते आजच वेच. अन् पुढच्या वर्षीपासून सारं वावर ठेक्यानं देऊन टाकू."

"खालची बांधी नाही."

"खालची बांधीच तं पयले. तिच्यात उरलं काय आहे?"

खालची बांधी म्हणजे तलावाच्या पाळीखालचा सगळ्यात सखल तुकडा. तिथं पाणी साचून राहतं, रोपं लावून रोवणी करणं जमत नाही, म्हणून बी थेट फेकून पेरतात. अशा शेतात रानधान, धानाचा म्हणजे भाताचा जंगली भाऊबंद, घुसतं. कोवळं असताना ते हुबेहूब धानासारखं दिसतं, त्यामुळे निंदणाऱ्या बायांच्या हातून सुटतं. मग कापणीच्या आधीच स्वतःचे दाणे चिखलात झाडून मोकळं होतं आणि पुढच्या वर्षी दुपटीनं उगवतं. आईनं यावर फार वर्षांपूर्वी एक उपाय काढला होता. ती या एका बांधीत जांभळ्या पानांचं धान पेरायची. जे हिरवं दिसेल ते उपटायचं, एवढाच नियम.

यंदाही बायांनी तोच नियम पाळला होता.

काकू आईच्या मैत्रीण. आयुष्यभर दोघींनी एकमेकींच्या शेतात निंदण केलं. त्या बांधीत उतरल्या, एका लोंबीखाली तळवा धरून दुसऱ्या हातानं ती हलकेच ओढली. दाणे भुरूभुरू हातात पडले.

"हिरवी एक काडी ठेवली नाही वो आमी," त्या म्हणाल्या. "मेलं जांभळं होऊन बसलं."

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा धडा दरवर्षी माझ्याकडेच असतो, आणि इथं तो धडा गुडघाभर उंचीचा माझ्यासमोर उभा होता. जांभळ्या धानाचा पराग कधीतरी रानधानावर पडला असणार. त्यातून काही जांभळी रोपं निपजली. आम्ही दरवर्षी हिरवी उपटत गेलो आणि जांभळी राखत गेलो. रानधानाला काहीच ठरवावं लागलं नाही. निवड आमच्याच हातांनी केली.

हे मी आईला सांगितलं असतं. वर्गात शिकवून झालं की संध्याकाळी तिला फोन करायची माझी सवय होती. मुलं विचारतात, "मॅडम, हे परीक्षेत येते का?" आणि वह्या मिटतात. आई मात्र ऐकायची, मध्येच तोडायची, "अन् मंग त्या किड्याचं काय झालं?" आता वर्गातून आले की मी उद्याच्या कामांची यादी करते आणि भाजी चिरायला घेते.

भावानं दोन-चार लोंब्या ओढून पाहिल्या. बऱ्याच आधीच रिकाम्या झाल्या होत्या. "हे पाय," तो म्हणाला, "टोपलीभर खरं बी निघालं तर खालची बांधी तुही. नाही निघालं तं ठेक्यात. मंजूर?"

"मंजूर."

आमच्या घरी बी निवडायची रीत अशी. दोन माणसं लागतात. एकानं लोंबी ओढायची, दुसऱ्यानं खाली सूप धरायचं. दाणे पडले तर सूपवाल्यानं मोठ्यानं म्हणायचं, "गेलं." पडले नाहीत तर, "राहिलं." राहिलेली लोंबी कापायची, टोपलीत टाकायची. सुपात पडलेले दाणे शेतात न सांडता घरी नेऊन चुलीत घालायचे. ओढणारी आई, सूप माझ्याकडे. ती माझ्याकडे न बघता पुढं सरकायची. माझ्या आवाजावर तिचा विळा चालायचा.

भावानं सूप धरलं. पहिल्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, तो उत्साहानं "गेलं, गेलं, गेलं" ओरडत होता, क्रिकेटची कॉमेंटरी करावी तसा. काकू हसून म्हणाल्या, "अरे, राहिलं बी म्हनत जा कदी!"

"राहतच नाही तं काय म्हनू?" मग माझ्याकडे वळून, "ताई, तू तं पोराईले हेच शिकवते ना? लायक आहे ते टिकते, बाकीचं जाते. मामाचे माग गेले. कारखान्याच्या कपड्यापुढं टिकले नाही. आईचं धान बी तसंच. त्यात वाईट वाटून घ्यायचं काय?"

मामांचे माग मला आठवतात. ते बंद झाले तेव्हाही लोक असंच बोलत होते, जणू निसर्गानंच निकाल लावला. सूत कुठून येत होतं, कापड कोण उचलत होतं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक शास्त्रीय वाटणारं वाक्य मिळालं की माणसांना पुढचा विचार करावा लागत नाही. स्टाफरूममध्येही मी हे ऐकते, मागे पडलेल्या मुलांबद्दल.

मी दोन लोंब्या त्याच्यासमोर धरल्या. एक ओढली, ती रिकामी झाली. दुसरी ओढली, तिचे दाणे जागचे हलले नाहीत. "सांग, यातली लायक कोणती?"

"दुसरी. तेच तं धान."

"जंगलात दुसरी एका वर्षात संपली असती. तिला आपलं बी मातीत टाकताच येत नाही. फार पूर्वी कुणीतरी कापायला आलं, जिचे दाणे गळले नव्हते तीच लोंबी त्यांच्या हाती लागली, तीच त्यांनी पुन्हा पेरली. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं तेव्हा धान झालं. ते टिकलं कारण न्यायला कुणीतरी येत राहिलं. आपण येत राहिलो."

 भाऊ हळूच म्हणाला, रागानं नाही, "आपण म्हंजे कोन ताई? मी नागपूरले. तू साकोलीले एकटी. आई गेली. येऊन कोन राहिलं?"

 मी पुढची लोंबी ओढली.

जेवणानंतर भावाला गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तो गाडीत जाऊन बसला. काकूंच्या स्वतःच्या धानाची कापणी सुरू होती. "थांबली असती वो, पन मजूर खोळंबले," असं म्हणत त्या धुऱ्याधुऱ्यानं गेल्या. मी सूप कमरेशी टेकवलं, डाव्या हातानं सावरलं, उजव्यानं लोंबी ओढली. दाणे सुपाबाहेर पडू लागले. विळा घ्यायला सूप खाली ठेवावं लागे. काम निम्म्या वेगानं होत होतं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी गप्पपणे काम करते आहे. म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "राहिलं."

पाळीवरचा एक बगळा उडाला. पुन्हा म्हणायचं धाडस झालं नाही.

ऊन उतरलं तेव्हा बांधीचा बराच भाग बाकी होता. भाऊ आला, टोपलीत वाकून पाहिलं. जेमतेम अर्धी भरली होती.  ठरलं ते ठरलं होतं.

त्यानं टोपली उचलली, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, आणि ती कलंडू नये म्हणून बाजूला माझी पिशवी टेकवली.

"अर्धी टोपली, अर्धी बांधी," तो म्हणाला. "बाकीची ठेक्यात. पन पेरायले तुलेच या लागन. मी नाही येत."

त्यानं मला साकोलीपर्यंत सोडलं. 

मंगळवारी हार्वेस्टर येऊन गेला. लोंब्या माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, सुतळीनं बांधून ठेवल्या आहेत. वाळून झाल्या आहेत. आई वाळलेली प्रत्येक लोंबी पुन्हा एकदा ओढून बघायची, मगच हातानं झोडून बी डब्यात भरायची. त्यालाही दोन माणसं लागतात. ते काम दर रविवारच्या यादीत लिहिते आणि दर रविवारी पुढच्या यादीत उतरवते. काकूंना दोनदा विचारलं, त्यांना इतक्या लांब येणं जमत नाही. इथल्या शेजारच्या वहिनींना विचारायचं आहे. सूप कोनाड्यात आहे. बी झोडायचं राहिलं आहे.