सुंदर अक्षराची मुलगी

माझी ताई शाळेत दुसरीला शिकवायची आणि मी शेजारच्या वर्गात तिसरीची बाई. घरात ती थोरली, शाळेतही थोरली. त्यामुळे दोन्हीकडे तिचाच शब्द चाले. "समजलं का रे?" असं ती वर्गाला विचारी, पोरं एका सुरात "हो बाई" म्हणत, की गाडी पुढच्या धड्यावर. मी चिडवायची, "तुझ्या वर्गात कुणाचं कधी अडतच नाही गं!" ती खुशाल मान डोलवायची.

तिच्या वर्गात घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईची लेक होती. फळ्यावरचं उतरवलेलं तिचं पान बघत राहावं असं. ताई तिची वही वर्गावर्गातून मिरवायची.

पुढच्या वर्षी ती मुलगी माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात नवा धडा उघडून मी म्हटलं, "वाच." ती गप्प. पुन्हा म्हटलं, तरी गप्प. माझं डोकं तापलं. ताईची लाडकी, म्हणून मला नखरे दाखवते! "नाटकं बंद कर," म्हणत मी तिला सगळ्यांसमोर झापलं. रडत रडत ती एकेका अक्षरावर बोट ठेवू लागली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाचताच येत नव्हतं. अक्षरं ती चित्रासारखी काढायची आणि धडे ऐकून पाठ करायची.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

ताईला सांगितलं, तेव्हा मधल्या सुट्टीत ती डबा उघडा ठेवून नुसती बसून राहिली. "वर्षभरात मी तिला एकटीला कधी वाचायलाच लावलं नाही गं," एवढंच म्हणाली.

तिथून तिचं "समजलं का" बंद झालं. रोज पाच मुलांना टेबलाशी बोलावून ती न शिकवलेलं पान वाचायला देई आणि कुणाचं कुठे अडलं ते लिहून ठेवी. बऱ्याच नावांपुढे नुसतं 'अजून सांगता येत नाही' असं असे. पंचवीस वर्षं शिकवलेली बाई! मला ते बघवत नसे.

आम्ही तीनदा त्या मुलीच्या घरी गेलो. ती बाहेरच आली नाही. चौथ्यांदा आईनं आत घेतलं. मुलगी शर्टाला बटणं लावत बसली होती. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"चूक माझी होती, बाळा. मी रोज इथे येऊन शिकवीन तुला. मी येते हे वर्गात कुणाला कळणारसुद्धा नाही."

मुलीनं दाताने दोरा तोडला. मान वर केली नाही.

"बाई, मी सांगणार होते तुम्हाला. एकदा शाळा सुटल्यावर थांबलेपण होते. पण तुम्ही पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, तुझी बाकी मला काही काळजीच नाही. मग मी घरी आले."