मशीनीजवळची झोप

हिंदी मुलखातल्या एका शहरात, कमानिया गेटमागच्या गल्लीत शेवंताबाई साड्यांना फॉल लावतात. गल्ली त्यांना दीदी म्हणते आणि त्या गल्लीशी हिंदीत बोलतात. मराठी त्यांच्याकडे घरातल्या बुद्धमूर्तीसारखी, उंबऱ्याच्या आत. ती कोणी दुकानात मांडत नाही.

त्यांची भाची हर्षा शाळेसाठी शहपुऱ्याहून त्यांच्याकडे राहायला आली, मशीनीच्या तालावर गुणगुणू लागली आणि पुढे मुंबईला जाऊन पॉपस्टार झाली. त्यानंतर ती एकदाच आली. सबंध दुपार मशीनीजवळच्या चटईवर, मोबाइल उशाशी घेऊन झोपली आणि संध्याकाळी गेली. एवढ्यासाठी कोणी विमानानं येतं का, असं शेवंताबाईंना वाटलं. विचारलं मात्र नाही.

गेल्या हिवाळ्यात हर्षाच्या खासगी आयुष्यावर माहितीपट काढणारी मंडळी आली. आयुष्य खासगी असल्यामुळे खोलीत मावणार नाहीत इतकी माणसं होती.

"मावशी, मराठीत बोला ना," कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली.

"जी, बोल रही हूँ न," शेवंताबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या कडक इस्त्रीच्या हिंदीत भाचीचं बालपण सांगून मोकळ्या झाल्या. मग आपण पिक्चरमध्ये येणार, असं गल्लीभर सांगत सुटल्या. हर्षाला मावशी आठवते का, हे त्यांना स्वतःलाच बघायचं होतं.

माहितीपट आला तेव्हा साडीवाल्या वीरेंद्रनं दुपारच्या मंदीत दुकानातला टीव्ही लावला. हर्षाचा पोहण्याचा हौद दिसला, कुत्री दिसली, रडणं दोनदा दिसलं. गल्ली दिसली नाही.

"दीदी, आप कब आओगी? इंटरवल के बाद?" वीरेंद्र म्हणाला. दुकान हसलं.

शेवटाकडे हर्षा गाडीत डोळे मिटून बसली होती. कानात काय, असं कोणीतरी विचारलं. "याशिवाय मला झोपच येत नाही," म्हणत तिनं कानातलं काढून मोबाइलचा आवाज मोठा केला. आधी नुसती घरघर, पाण्याखालून आल्यासारखी. मग त्या घरघरीतून एक बाई बोलली, "ऊठ न वो पोरी, पोहे थंडे होऊन राहिले. काहून इतकी थकली तू?" थोडं थांबून तीच बाई हळूच म्हणाली, "बरं, झोप. झोप माय."

शेवंताबाईंच्या मांडीवरची साडी घसरत घसरत खाली गेली.

"कोई महाराष्ट्र की औरत है," वीरेंद्र म्हणाला. इतकी वर्षं शेजारी राहून त्यानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "और दीदी, आपको तो काट दिया।"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते इथं हिंदीत सांगावं लागलं असतं.

"हाँ भैया," त्या साडी गोळा करत म्हणाल्या, "काट दिया होगा।"

घरी येऊन त्या मशीनीशी बसल्या. खाली चटई रिकामीच होती. तरी त्या दिवशी त्यांनी पाय जरा हलकेच चालवला.