आईचा जायजा

त्या रविवारी मला बाहेर जेवायला जायचंच नव्हतं. आठवडाभर ऑफिसात नव्या जिल्ह्याचा अजून न संपलेला पसारा लावून अंगात त्राण उरलं नव्हतं. वाटत होतं, कुकरला खिचडी लावावी, पंखा मोठा करावा आणि आडवं व्हावं. पण भाऊ मंचेरियलहून आईला न्यायला येणार होता. फोनवर म्हणाला, "ताई, घरी काही रांधू नको. बाहेरच बसू, तेवढाच तुले आराम. अन् आईचं काय ते एकदाचं कायमचं ठरवून टाकू." आराम! आईची बॅग भरायची, तिच्या गोळ्या शोधायच्या, उन्हात ऑटो पाहायचा आणि इस्त्रीची साडी नेसून हॉटेलात ताठ बसायचं, याला आमच्या घरात आराम म्हणतात.

नवरा शहाणा. "तुमचं बहीण-भावाचं तुमी पाहा," म्हणून पेपर घेऊन घरीच बसला.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले होते. लोकांनी फटाके फोडले, पेढे वाटले. आमच्या घरात बदलीच्या ऑर्डरी आल्या. तोवर आदिलाबादेत एकाच भाड्याच्या घरात खाली आम्ही, वर भाऊ-भावजय आणि आई दोन्हीकडे. सकाळचा चहा खाली, दुपारची झोप वर. आई कोणाकडे असते, असं कोणी विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं. ऑर्डरी आल्या तशी मी निर्मलला आणि भाऊ मंचेरियलला. सामान ट्रकांत चढलं, पण आईला कोणत्या ट्रकाबरोबर पाठवायचं हे ट्रक सुरू झाले तरी ठरेना. शेवटी भाऊ म्हणाला, "चार महिने माह्याकडं, चार महिने ताईकडं. पुढचं पुढं पाहू." पुढचं पुढं पाहू म्हणणाऱ्याला पुढं काही पाहावं लागत नाही, ते दुसऱ्याच्याच गळ्यात पडतं, असा माझा अनुभव आहे.

आमचे वडील तहसील कचेरीत होते. निजामाच्या राज्यातले शब्द त्यांच्या तोंडून आमच्या घरात उतरले आणि तिथेच राहिले. जायजा हा त्यातलाच. एका साहेबानं खुर्ची सोडायची आणि दुसऱ्यानं कारभार ताब्यात घ्यायचा, त्याला कचेरीत जायजा म्हणायचे. आईला न्यायला भाऊ पहिल्यांदा निर्मलच्या बसस्टँडवर उतरला तेव्हा हसत म्हणाला, "चला, आईचा जायजा घ्यायला आलो." आम्ही दोघं पोट धरून हसलो. आईही हसली. मग तोच शब्द रुळून गेला. जायजा कधी, जायजा दिवाळीच्या आधी का नंतर, या खेपेचा जायजा आठ दिवस पुढं ढकलता येईल का?

भावानं ठरवलेलं हॉटेल बसस्टँडपासून जवळच होतं. गल्फमधून परतलेल्या एका माणसानं काढलेलं. तिकडे कुठल्याशा भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीच्या हॉटेलात त्यानं पुष्कळ वर्षं स्वयंपाक केला म्हणे. चार-पाच टेबलं, पांढऱ्या भिंती, दारं-खिडक्या निळ्याशार आणि भिंतीवर समुद्राचं भलं मोठं चित्र. पाटीवरचं लांबलचक इंग्रजी नाव कोणाला धड वाचता येत नसे, म्हणून अख्खं निर्मल त्याला निळं हॉटेल म्हणे. आत एसी होता. दमलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

भाऊ आणि भावजय आधीच येऊन बसले होते. भावजय तेलुगू घरातली, मंचेरियलकडचीच. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आईनं तिला पोळ्या लाटता लाटता मराठी शिकवली, म्हणून तिची मराठी आईसारखीच अस्सल आदिलाबादी आहे. सासूला हाक मात्र ती तेलुगूतच मारते, अत्तय्या. ती उठून आईच्या पाया पडली आणि आईला भिंतीकडची खुर्ची दिली.

मालक स्वतःच ऑर्डर घ्यायला आला. हिंदीत म्हणाला, "अम्मा के लिए सब नरम लाता हूँ." मग एकेक बशी येऊ लागली. मधे खळगा करून तेल ओतलेलं वाटलेल्या काबुली चण्यांचं काहीतरी, कोथिंबिरीची बारीक चिरलेली कोशिंबीर, गोल गोल वडे आणि गल्फला जाऊन आलेले लोक खुबूस म्हणतात ती जाड भाकरी. आईनं चण्याचं बोटावर घेऊन चाखलं.

"हे तं थंड पिठलं हाय माय. फोडणी काऊन नाही दिली?"

"आई, तिकडं असंच खातात."

"खात असतील बापा. त्याहिले कोणी फोडणी शिकवली नसंल." मग तिनं बशीच्या कडेचं हिरवं गोल ऑलिव्हचं फळ तोंडात टाकलं आणि तिचा चेहरा असा काही झाला की भाऊ खो खो हसला. "कडू बोर! अन् हे लोक पैसे घेतात याचे?" वडे मात्र तिला आवडले. डाळवडाच आहे, फक्त देश बदलला, म्हणाली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही असे हसत होतो आणि मला वाटलं, ठरवायचं ते ठरवणं राहूनच जावं आणि नुसतं असंच बसावं.

पण भाऊ मुद्द्यावर आला. तो नेहमी वडा तोंडात असताना मुद्द्यावर येतो.

"तर ताई, मी काय म्हणून राह्यलो, हे चार-चार महिन्यांचं बरं चाललं हाय. कोणालेच जड नाही. हेच पक्कं करून टाकू."

मी मान हलवली. खरं सांगते, मला आई जायला हवी होती. माया आटली होती असं नाही, मीच आटले होते. ऑफिसातून यायचं, तिचं पथ्याचं वेगळं करायचं, दिवसभर ती एकटी बसलेली म्हणून रात्री तिच्याशी बोलायचं आणि बोलताना डोळे मिटायचे. भावाचेही डोळे लालच होते. त्याच्याकडेही हेच चालत असणार. दोन दमलेली माणसं एकमेकांना ओझं देतात तेव्हा फार प्रेमानं बोलतात.

"आई, तू सांग," भाऊ म्हणाला. "असंच चालू ठेवू ना?"

आई ताटाकडे बघत होती. तिनं हात आडवा करून ताटावर धरला आणि म्हणाली, "चालू."

"बस्स! आईच म्हणते, चालू." भावानं सुस्कारा सोडला. मीही सोडला. त्यानं खुबूसचा तुकडा मोडला आणि मी पाण्याचा ग्लास उचलला.

भावजयीनं चमचा खाली ठेवला. "अवो, त्या चालू ठेवा नाही म्हणून राह्यल्या," ती हळूच म्हणाली. "अत्तय्या तेलुगूत बोलल्या. चालु. पुरे म्हणतात त्या. पुरे झालं."

तेलुगूत चालु म्हणजे पुरे, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी स्वतः दिवसभर ऑफिसात तेलुगूच बोलते. चहावाला जास्त ओतायला लागला की मीच म्हणते, चालु चालु. पण आईच्या तोंडून आलेला शब्द मराठीच असणार, असं माझा कान धरून चालला होता. भावजयीच्या हातचं जेवता जेवता आई तो शब्द कधी उचलून बसली, आम्हाला पत्ताच नव्हता. आणि मग मला माझ्याच घरातली जेवणं आठवली. आई म्हणायची, "चालू," आणि मी म्हणायची, "हो, चालू आहे, गरम गरम करतेय," आणि वर आणखी एक पोळी वाढायची. ती मुकाट खायची. मला वाटायचं, निर्मलचं पाणी तिला मानवलं.

"व्हय आई?" भावानं विचारलं. "पुरे म्हणली तू?"

"मंग काय म्हणू?" आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "तुह्या घरी मिठाचा डबा कुठं हाय ते समजेपर्यंत हिच्या घरी जाची येळ होते. हिच्या शेजारणीचं नाव पाठ होते, तं तुह्याकडं. सकाळी उठल्यावर आंघोळीचं दार डाव्या हाताले हाय का उजव्या, हे आठवत बसा लागते मले. जायजा, जायजा करता. जायजा खुर्चीचा असते बापू, माणसाचा नसते."

भाऊ खाली बघू लागला. मीही. मग तो म्हणाला, "बरं, मंग एकाच ठिकाणी राह्य. कायमची."

"कोणाकडं?" आईनं विचारलं.

या प्रश्नाला उत्तर द्यायला दोनच माणसं होती. मला म्हणायचं होतं, माझ्याकडे. शब्द ओठांवर आला आणि त्याच्या मागोमाग सकाळची धावपळ आली, पथ्याचं आलं, मिटणारे डोळे आले. मी भावाकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच पाहत होता. तू म्हण ना, असं दोघांच्या तोंडावर लिहिलेलं. आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

"आमच्याकडं राहा अत्तय्या," भावजय म्हणाली.

आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू म्हणली, भरून पावलं माय. पण नाही." आणि तिनं सांगून टाकलं. आदिलाबादेतल्या आमच्या जुन्या घरमालकिणीशी तिचं बोलणं झालं होतं. मागची खोली रिकामी होती. वडिलांची पेन्शन तिला मिळतेच. गल्लीत सगळ्या ओळखीच्या, संध्याकाळी मंदिरात बसायला बायका आहेत, मराठी बोलायला माणसं आहेत. "बॅग भरलेलीच हाय," ती म्हणाली, "नुसती बस बदलायची."

"आई, या वयात एकटी? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले. मला माझाच राग आला, कारण लोकांची आठवण मला नेमकी तेव्हाच झाली.

"लोकाहिच्या घरी थोडीच राहून राह्यली मी?"

भावानं दोन-चारदा नाही म्हणून पाहिलं. मीही पाहिलं. भांडण असं झालंच नाही. भांडायला दोघांपैकी एकाला तरी तिला ठेवून घ्यायची हौस हवी होती. मालक विचारायला आला, "कुछ मीठा?" आणि आम्ही चौघं एकदमच नाही म्हणालो.

बसस्टँडवर आदिलाबादची बस लागलेली होती. भावानं बॅग वर चढवली, कंडक्टरला तेलुगूत सांगितलं, अम्माला नीट उतरवा. भावजय खिडकीशी उभी राहून आईशी बोलत होती आणि डोळे पुसत होती. मला रडू येत नव्हतं. माझे खांदे हलके झाले होते. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला सरळ उभं राहता येत होतं. शेजारी भाऊ उभा होता, त्याच्याकडे वळून पाहिलं तर त्याचेही खांदे मोकळे झालेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे नेली. एवढ्यात मी वर बघितलं. आई खिडकीतून आम्हा दोघांकडेच पाहत होती. तिला सगळं दिसलं होतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली, बाहेर हात काढून मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बाई, मले पोचवाले, न्याले म्हणून तरी तुमी दोघं भेटत व्हता. आता कायच्यासाठी भेटसान?"

मी म्हणाले, "भेटू न आई, असं काय करतेस?" ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. त्या घरघरीत तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

बस निघून गेल्यावर भावजय पाण्याची बाटली घ्यायला गेली आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मंचेरियलची बस पलीकडे लागली होती. "चल ताई, येतो," भाऊ म्हणाला. मी म्हणाले, "ये." कधी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.