एक ओळ फायदा

आमच्या घरात औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाही, बहुमताने सुरू होतं.

याला कारण आमचे पूर्वज. ते शिलेदार म्हणून दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि म्हणे प्रत्येक लढाईआधी मसलत करायचे. लढाया संपल्या, मसलत उरली. आता ती फ्रिज, माझी स्थळं आणि आईचे सांधे यांवर होते. अध्यक्ष मोठे काका, नया बाजारातून खास येतात. मुन्शी मी, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले. घरातला कुठलाही इंग्रजी कागद माझ्याच मांडीवर येऊन पडतो. (माझी उंची पाच फूट आठ इंच, आवाज मात्र दीड इंचाचा. समोर कागद असला तरच तोंड उघडतं.)

आईला संधिवात निघाला. सकाळी बोटं अशी सुजायची की वेणीसुद्धा घालता येत नसे. त्याचं तिला फार नव्हतं. तिचं दुःख स्कूटीचं होतं. ब्रेक दाबवेना! वीस वर्षं स्वतः गाडी चालवत शाळेत शिकवायला जाणारी माझी आई आता बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जायची. बाबा वीसच्या वर जात नाहीत. एकदा त्यांना पापडवाल्याच्या हातगाडीने ओव्हरटेक केलं.

"दोन गोळ्या," डॉक्टर मॅडमनी मला समजावलं होतं. "ये वाली हफ़्ते में सिर्फ़ एक दिन, सोमवार को. बाकी छह दिन दूसरी वाली. रोज़ की जगह ये चली गई तो बहुत गड़बड़ हो जाएगी. समझीं?"

मी मान डोलावली. मी नेहमीच डोलावते.

मसलत भरली. आठवड्याच्या गोळीच्या खोक्यातला कागद मी उलगडला. तो उलगडतच गेला! शेवटी टेबलावरून खाली लोंबला. मी बातम्या देणाऱ्या बाईसारखं एकेक वाचत गेले. मळमळ. तोंडात फोड. केस गळणं. यकृताला सूज. रक्तातल्या पेशी कमी होणं. क्वचित फुप्फुसं.

"क्वचित म्हणजे किती?" काका.

"कमी."

"कमी म्हणजे? घरटी एक?"

"अहो दादासाहेब, असं काय बोलता!" आई म्हणाली, पण तिने हळूच आपले केस चाचपले.

"आणि फायदे?" बाबांनी विचारलं.

मी कागद उलटला, सुलटा केला. "फायदा... एका ओळीत आहे."

"एक ओळ फायदा, चाळीस ओळी नुकसान!" काकांनी मांडीवर थाप मारली. "ये तो सरासर घाटे का सौदा है. माझं मत विरोधात. सुलभा, तू मेथी खा."

बाबांचं मत बाजूने. माझं नेहमीप्रमाणे तटस्थ.

"हात माझे आहेत," आई म्हणाली. "मी घेईन."

दोन विरुद्ध एक! काका चहा न घेताच उठले.

आपण आईला फारच घाबरवलं, असं मला वाटत राहिलं. प्रायश्चित्त म्हणून मी सात खणांची डबी आणली आणि रविवारी दुपारी आठवडाभराच्या गोळ्या भरून दिल्या. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही मसुराएवढ्या. पण मी शिकलेली मुलगी! माझी काय चूक होणार?

गुरुवारी दुपारी औषधांचा खण आवरताना दोन्ही पाकिटं हाताला लागली. आठवड्याच्या गोळीच्या पाकिटातून एक जायला हवी होती. सहा गेल्या होत्या! रोजच्यातून एकच!

मी डबी उघडली. सोमवार ते गुरुवार, चारही खण रिकामे. म्हणजे मंगळ, बुध, गुरू... तीन दिवस लागोपाठ मी आईला आठवड्याची गोळी चारली होती. हातभर कागद मी तोंडपाठ केला होता. पाकिटावरचं नाव वाचलं नव्हतं.

तेवढ्यात दारात बाबांची स्कूटर थांबली. आई आत आली ती हाशहुश करत. "मिनू, पाणी दे गं. तोंडात नुसती आग पडली आहे!"

तोंडात फोड! कागदावरची दुसरी ओळ! (फूलबागेजवळ थांबून तिने हिरवी चटणी ओरपून कचोरी खाल्ली होती, हे मला नंतर कळलं.)

"बाबा, स्कूटर बंद करू नका!" मी ओरडले. माझा आवाज ऐकून बाबाच घाबरले.

मी स्कूटीवर पुढे, आई मागे, बाबा शेजारून. पिझ्झासुद्धा कुणाशी बोलायला नको म्हणून ॲपवरून मागवणारी मी, रस्ताभर एकच वाक्य घोकत होते: मॅडम, एक छोटीशी चूक झाली आहे. बाबांची स्कूटर त्या दिवशी चाळीसवर गेली. तिलाही नवल वाटलं असावं. मध्येच दोनदा शिंकली.

जयेंद्रगंजातला दवाखाना गच्च भरलेला. "नंबर लगेगा," काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं वाक्य पळून गेलं.

"मैंने अपनी माँ को ज़हर दे दिया!"

सगळा दवाखाना उभा राहिला. गुडघे धरून बसलेले आजोबासुद्धा! आम्हाला थेट आत नेलं.

"कितनी गोलियाँ गईं?" मॅडमनी आईची नाडी धरली.

"तीन," मी रडत म्हणाले.

"एक भी नहीं," आई म्हणाली.

तिने पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. चार पिवळ्या गोळ्या!

"आई! तू तर मत दिलं होतंस!"

"मत दिलं. गिळायचं कुठे कबूल केलं? दादासाहेबांनी मेथी खा म्हटलं, मग मी काय हरू? पण तुझा तो कागद ऐकल्यापासून गोळी घशाखाली उतरेना. तू रोज डबी उघडून बघायचीस, म्हणून काढून ठेवत होते."

मॅडम आधी माझ्यावर चिडल्या, मग आईवर, मग बाबांवर (ते नुसतेच उभे होते). मग त्यांनी आईची बोटं हातात घेतली. "कागज़ में जो लिखा है, सच है. इसीलिए हर महीने ख़ून की जाँच कराएँगे, गड़बड़ हुई तो दिख जाएगी. पर दवा नहीं ली, तो जो उँगली टेढ़ी हुई, वो वापस सीधी नहीं होगी. ये भी सच है."

आईने बोटं सोडवून घेतली आणि ब्रेक दाबल्यासारखी मिटून पाहिली. मग हळूच म्हणाली, "स्कूटी चलेगी?"

"वादा नहीं करती. दो-तीन महीने दीजिए."

आई माझ्याकडे वळली. "हे नव्हतं वाचलंस तू."

नव्हतं. ते त्या एका ओळीत होतं.

चौथ्या महिन्यात आई स्वतः स्कूटी घेऊन नया बाजारात गेली आणि काकांच्या दारात, गरज नसताना, करकचून ब्रेक मारला. रक्ताच्या तपासण्या चालूच आहेत. डबी आता बाबा भरतात, दोनदा नाव वाचून. ती कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर असते आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'मिनूपासून दूर ठेवा.'

फक्त, त्या फळीपर्यंत घरात माझ्याशिवाय कुणाचाच हात पोचत नाही. रोज सकाळी मीच काढून देते.