शेवटच्या कडव्यातलं नाव

आश्विन लागला की धावड्याच्या शिवारातली गाणी बदलायची. निंदणीची गाणी धसमुसळी, सासवांचा उद्धार करणारी. ऊन मऊ पडलं, बोंडं फुटली, की ती गाणी कुणाच्या तोंडात येत नसत. वेचणीला हात हलका लागतो, तसा गळाही हलकाच लागतो. वेचता वेचता कुणाला माहेर आठवायचं, कुणाला गेलेलं माणूस. अशा दिवसांना शोभतील अशी गाणी साऱ्या बौद्धवाड्यात एकाच बाईकडे होती, मालनबाईकडे. ती स्वतःच गाणी बांधायची. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवायची. तेवढीच तिची सही.

वेचणीच्या गाण्याला दोघी लागत. एक ओळ उचलायची, शेजारच्या पातीवर वेचणारी दुसरी ती झेलायची, म्हणजे मागोमाग तशीच म्हणायची. उचललेली ओळ झेलायचीच, असा दंडक होता. त्या दिवशी तोंड बघावंसं वाटत नसलं तरी ओळ खाली पडू द्यायची नाही. भांडण काय, संध्याकाळी कापूस मोजून दिल्यावर करता येतं.

मालनबाईची ओळ झेलायची बेबीनंदा. ती नणंद होती, पण नावालाच. मालनबाई लग्न होऊन साहेबरावाच्या घरात आली तेव्हा बेबी आईविना वाढणारी, केसांत जटा झालेली पोर होती. त्या जटा मालनबाईनं तेल लावून, रडवून, दामटून सोडवल्या. वेचलेला कापूस टाकायला पदराची ओटी बांधायला तिनंच शिकवलं आणि गायलाही. ओळ नीट संपायच्या आत बेबी ती अशी झेलायची की बांधावरची माणसं थांबून ऐकत.

दुष्काळाच्या साली मालनबाईची आई गेली. त्यानंतर दोन दिवाळ्या आल्या, पण माहेराहून न्यायला कुणी आलं नाही. भाऊ होते, भावजया होत्या, पण ते सगळे आपापल्या घरात सुखी. तेव्हा तिनं हे गाणं बांधलं:

ऊन उतरलं बाई, बोंडं फुटली रानात
माय गेली निघून, कोण धरील ध्यानात

आणि शेवटचं कडवं:

मालन म्हणे बाई, माहेराचं दार मोडलं
मायीच्या मागं मला साऱ्यांनी सोडलं

बेबीचं तोवर लग्न झालं होतं, पण त्या वेचणीला ती माहेरीच होती. तिनं ओळ झेलली आणि लगेच फुरंगटली. "साऱ्यांनी कसं, वैनी? मी हाय ना!"

"बरं बाई, तुला सोडून साऱ्यांनी," मालनबाई हसली. "पण तसं म्हणलं तर चालीत बसत न्हाई."

बेबीचा नवरा तातेराव जुन्या जालन्यात राहायचा. दिवसा धान्याच्या आडतीत हमाली, संध्याकाळी गायन पार्टी. आवाज खडा, पेटीवर हात बराबर. फक्त गाणं बांधायला बसला की त्याला तहान लागायची, मग भूक, मग झोप. बेबीचा मात्र त्याच्यावर फार जीव. त्याचं नाव म्हणून ती घ्यायची नाही. एकदा भोकरदनच्या बाजारात नवरा हरवला, तर ही बाई चौकात उभी राहून ओरडत होती, "अवो साहेबरावाचे पाव्हणे!" अर्धा बाजार मागं वळला, पाव्हणे सोडून. हा किस्सा वाड्यात वर्षभर पुरला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बेबी आली, ती नाचतच. "वैनी, तुझं माहेराचं गाणं पार्टीत घेऊन राह्यले. दसऱ्याला कार्यक्रम हाय. तुझं नाव भोंग्यावर वाजंल!"

मालनबाईनं वरवर "चल, काहीतरीच" म्हटलं. पण त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शेजारच्या दुर्गाबाईला सांगितलं, दुर्गाबाईनं गावाला सांगितलं. साऱ्या जन्मात तिच्या नावानं एवढं एकच काहीतरी होणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून ती साहेबराव आणि दुर्गाबाईबरोबर एसटीनं जालन्याला गेली. दिवेलागणीला वंदना झाली, बाबासाहेबांची गाणी झाली. मग तातेरावानं पेटी जवळ ओढली आणि भोंग्यातून तिचं ऊन उतरलं. दुर्गाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आपण रानात वाकून बांधलेलं गाणं एवढ्या लोकांना रडवतं, हे बघून मालनबाईचा ऊर भरून आला. शेवटचं कडवं आलं तशी ती नकळत ताठ बसली.

"तातेराव म्हणे बाई, माहेराचं दार मोडलं..."

आता या गड्याला कुठलं माहेर आणि कुठलं दार! पण लोकांना त्याचं काय, लोक माना डोलवत होते. मालनबाईनं तातेरावाकडे पाहिलंच नाही. तिनं बेबीच्या ओठांकडे पाहिलं. बेबी मागून साथ देणाऱ्या झिलकऱ्यांत बसली होती. ओळ झेलायची पाळी आली आणि जी बाई भर बाजारात नवऱ्याचं नाव घेईना, तिनं ते खणखणीत घेतलं. एकदा नाही, दोनदा. साहेबरावानं टाळ्या वाजवल्या. "आपल्याच पाव्हण्याचं नाव झालं की," तो म्हणाला. मालनबाईला वाटलं, भर मांडवात आपलं लुगडं कुणी ओढलं.

जेवताना बेबीनं तिला आग्रह करकरून वाढलं, पण नजर वर केली नाही. मालनबाईनंही विचारलं नाही. तिनं मनाची समजूत घातली, की नवऱ्याच्या धाकानं म्हटलं असेल, पार्टीत पोरीचं काय चालणार. रानात आली की म्हणेल बराबर. माणूस असं स्वतःला फसवतो, कारण दुसऱ्यानं फसवलंय हे पचत नाही.

दिवाळीला बेबी माहेरी आली आणि वेचणीलाही आली. ऊन मऊ पडलं होतं. तिथं पेटी नव्हती, भोंगा नव्हता, तातेरावही नव्हता. दुर्गाबाई म्हणाली, "माहेराचं होऊ द्या की." बेबी सवयीनं वहिनीकडे पाहू लागली.

"आज तू उचल," मालनबाई म्हणाली. "मी झेलते."

बेबीनं उचललं. आवाज तोच, गोड. मालनबाई एकेक ओळ झेलत गेली, हात बोंडांवर चालत राहिले. शेवटच्या कडव्यापाशी बेबी थबकली. साऱ्या पातीचे हात थांबले. मालनबाई मनातल्या मनात विनवत होती. अगं, घे माझं नाव, एकदा घे, इथं कोण ऐकतंय.

"तातेराव म्हणे बाई..." बेबीनं खालमानेनं म्हटलं. आणि तिथंच थांबून घाईघाईनं म्हणाली, "वैनी, बाईच्या नावाचं गाणं पार्टीत चालत न्हाई बिलकुल. आता साऱ्या जालन्यात तसंच म्हणतेत. आन् नाव काय परक्याचं हाय का? घरातच राह्यलं ना?"

"कोणाच्या घरात?" मालनबाईनं विचारलं.

दुर्गाबाईनं तोंड फिरवलं. उचललेली ओळ तशीच लोंबकळत होती आणि दंडक दंडक होता. मालनबाईनं ती झेलली. तातेरावाच्या नावासकट अख्खं कडवं तिनं म्हटलं, पार 'साऱ्यांनी सोडलं'पर्यंत, एक सूर न हलवता. मग ओटीतला कापूस दाबून बसवला आणि नणंदेकडे पाहिलं.

"बेबे," ती म्हणाली, "तवा 'तुला सोडून' म्हणायचं राह्यलं व्हतं ना, चालीत बसत न्हाई म्हणून? आता त्याची गरज न्हाई. आता बसलं बघ बराबर."