शेपूट लावलेली सायकल

कारखान्यात तिला सगळे दाभण म्हणत. दाभण म्हणजे पोती शिवायची जाडजूड सुई. ती सोफ्यांची कव्हरं शिवायची आणि बोलायला लागली की जाड रेक्झिनच्याही आरपार जायची, म्हणून हे नाव. नावाचा तिला राग नव्हता. बाकी बहुतेक गोष्टींचा होता. बंद पडलेल्या लिफ्टचा, बोथट कात्रीचा, 'बघू या' म्हणून निघून जाणाऱ्या माणसांचा. नवरा बेकरीत कामाला, स्वभावाने लोण्याहून मऊ. सासूबाई म्हणायच्या, "भट्टीपाशी उभा राहतो हा, आणि तापते मात्र ही."

या दोघांना एक मुलगी. वय पाच, चेहरा वाटोळा, दोन डोळे ठळक. घरात तिला बटण म्हणत.

शाळेच्या बाजूला बस जात नव्हती. चालत गेलं तर बटण वाटेत प्रत्येक मांजराची विचारपूस करायची आणि दाभणला कामावर उशीर व्हायचा. नवरा पहाटेच बाहेर पडलेला असायचा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तोड काढली. त्यांची मुलं मोठी झाली होती, आणि जिन्याखाली त्यांची एक अर्धी सायकल धूळ खात पडली होती. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. मागचं एकच चाक, छोटं सीट, छोटं हँडल, पेडल. पुढे चाकाऐवजी एक वाकडा दांडा, तो मोठ्या सायकलच्या सीटखालच्या नळीला अडकवायचा आणि खीळ घालून घट्ट करायचा. मूल मागे बसून पेडल मारतं, पण तोल आणि दिशा मोठ्या माणसाच्या हातात. बटणने ती पाहिली आणि म्हणाली, "आई, आपल्या सायकलला शेपूट आलं!" तेव्हापासून ते शेपूटच. दाभणने त्याच्या मागे एक काठी बांधली आणि काठीला कारखान्यातल्या उरलेल्या नारिंगी कापडाचा झेंडा लावला. आंधळ्यालाही दिसला असता.

सकाळचा तो रस्ता म्हणजे दाभणच्या दिवसातला एकच असा वेळ, जेव्हा तिला कशाचाच राग यायचा नाही. मागून बटणची टकळी चालू असायची. चढाला ती ओरडायची, "आई, आता मी ढकलते!" आणि खोटं नाही, पायाखालचं पेडल खरंच हलकं व्हायचं. तेवढ्याशा पायांचा तेवढासा जोर, पण पाठीला कळायचा.

मग तो सोमवार आला. शाळेचं फाटक समोर दिसत होतं. दाभण कडेने, सावकाश चालली होती. मागून एक पांढरी मोठी गाडी आली, पुढे गेली, आणि फाटकापाशी जागा मिळावी म्हणून तिने कचकन कडेला वळण घेतलं. गाडीचा मागचा कोपरा शेपटाच्या हँडलला लागला. दांडा पिळला, दाभण कशीबशी पाय टेकून उभी राहिली, आणि मागे वळून पाहते तर बटण फुटपाथवर पालथी. कोपर सोललेलं, ओठ दातात येऊन फुटलेला. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

गाडीची काच खाली आली. आत टाय लावलेला माणूस, शेजारी त्याचा मुलगा.

"अहो बाई, हे काय लटकवलंय मागे? मुलगी जड झालीय का तुम्हाला?"

दाभणने आधी बटणला उचललं, तोंड पुसलं, हातपाय चाचपून पाहिले. मग ती गाडीपाशी गेली आणि बॉनेटवर असा काही हात आपटला की फाटकावरची कबुतरं उडाली.

"खाली उतर," ती म्हणाली. "माझ्या पोरीकडे बघ आणि मग बोल."

तो उतरला. पण बटणकडे बघायला नाही, बॉनेट बघायला.

दुपारी मोठ्या बाईंनी तिला शाळेत बोलावलं. मोठ्या बाई मवाळ बोलणाऱ्या, पण त्यांच्या मवाळपणाला धार होती. "तुमची काळजी समजते मला. पण मुलांसमोर असं गाडीवर हात मारणं, एकेरीत बोलणं... त्या गृहस्थांचं म्हणणं आहे, तुम्ही माफी मागावी. विषय मिटेल. आणि ते मागचं जोडलेलं काढून टाका. शाळेच्या दारात आम्हाला ते सुरक्षित वाटत नाही."

"आणि गाड्या सुरक्षित वाटतात?"

"गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा कसा? पडली कोण? माझी मुलगी. पाडली कोणी? गाडीने. आणि काढून काय टाकायचं? सायकल! बाई, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच ना?"

मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दाभणने तो तसाच मागे सरकवला आणि उठली. "माफी मी मागणार नाही. त्यांनीही मागितली नाही तरी चालेल, पण एकदा पोरीला विचारावं तरी, लागलं का म्हणून."

घरी आली तर सासूबाईंचा सूर तयार होता. "मी म्हणतच होते. ते शेपूट म्हणजे जिवाला घोर."

नवरा म्हणाला, "दोन शब्द म्हणून टाक ना. त्याने काय अंगाला भोकं पडणार आहेत?"

"पडतील," ती म्हणाली. "माझ्या पडतील. तुझ्या अंगाला भोकं पडत नाहीत, कारण तुझ्या अंगात काही आहेच कुठे अडवायला?" हे बोलली आणि तिला स्वतःलाच लागलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं. नवरा मान खाली घालून बटणच्या कोपराला मलम लावत राहिला.

मलम लावून झाल्यावर बटण हळूच म्हणाली, "आई, आपलं काय चुकलं?"

चूक आपलीच, हे मुलीला दिवसभरात कोणी ना कोणी सांगितलं होतं. बाईंनी, आजीने, वर्गातल्या पोरांनी. गाडीने पाडलं, आणि पोर विचारतेय, आपलं काय चुकलं. इतका वेळ जो राग होता तो फुटाण्यासारखा तडतडत होता. आता तो थंड झाला, आणि थंड झालेला राग दाभणलाही नवा होता.

"काही चुकलं नाही," ती म्हणाली. "ऐकलंस? काही म्हणजे काहीही नाही."

सासूबाईंनी हे ऐकलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उद्या मी येते सोबत. चालत येईन मागून. बघू तरी, एवढं काय असतं त्या रस्त्यावर."

दाभणने दांडा सरळ करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी बटण बसायला तयार होईना. दाभणने तिला ओढलं नाही, समजावलंही नाही. नुसती सायकल धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने बटण आपणहून चढली. "पण मी पेडल मारणार नाही," ती म्हणाली. "नको मारूस," दाभण म्हणाली.

त्या दिवशी दाभण कडेने गेलीच नाही. शाळेच्या गल्लीत शिरल्यावर तिने सायकल रस्त्याच्या मधोमध घेतली आणि तशीच, बैलाच्या चालीने, पुढे काढली. मागे गाड्या साचल्या. हॉर्न सुरू झाले. ती वळून पाहीना. सासूबाई फुटपाथवरून चालत होत्या आणि एका खांबापाशी त्यांना रस्ता ओलांडायचा होता. त्या एक पाऊल पुढे टाकतात तोच नेमकी ती पांढरी गाडी, रांग तोडून, फुटपाथला घासत पुढे घुसली. आरसा म्हातारीच्या पिशवीला लागला. पिशवी पडली.

आयुष्यभर चारचौघांत पदर सावरून बोललेल्या सासूबाई गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. जागच्या हलेनात.

"काकू, बाजूला व्हा," काच खाली करून तो माणूस म्हणाला.

"काकू कोणाला म्हणतोस? काल माझी नात पाडलीस, आज मला पाडतोस. घरात अजून मुलगा उरलाय माझा, उद्या त्याला पाठवू का? म्हणजे एकदाच काम उरकेल!"

कोणीतरी हसलं. मागच्या गाडीतली एक आई उतरली, तिने आपल्या मुलाला हाताशी धरलं आणि चालायला लागली. मग आणखी एक. काहींनी मात्र शिव्याच घातल्या, म्हातारीला आणि सुनेला सारख्याच. मोठ्या बाई फाटकात आल्या, तेव्हा गल्ली गाड्यांनी गच्च भरली होती आणि मुलं त्यांच्यामधून वाट काढत येत होती. कोणतं मूल कुठून येतंय ते बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

त्यानंतर काय झालं, तर फार मोठं काही नाही. शाळा भरताना आणि सुटताना गल्लीच्या तोंडाशी शिपाई साखळी लावू लागला. गाड्या बाहेरच थांबायच्या. पण मोठ्या बाईंनी तराजू समान ठेवायचा म्हणून शेपूटही साखळीच्या आत आणायला बंदी केली. दाभण सायकल साखळीपाशी लावते आणि बटणला चालत नेऊन सोडते. "समान म्हणे," ती कारखान्यात सांगते, आणि सुई अशी टोचते की रेक्झिन कुरकुरतं.

नवऱ्याची तिने माफी मागितली. ही मागितली, कारण इथे चूक तिची होती. तो म्हणाला, "जाऊ दे गं." यावर तिला परत राग आला, पण तो तिने गिळला.

पांढऱ्या गाडीवाल्याने शेवटपर्यंत पोरीला 'लागलं का' म्हणून विचारलं नाही. आताशा तोही मुलाला साखळीपासून चालवत आणतो. परवा समोरासमोर आला तेव्हा त्याने मान झुकवून हसल्यासारखं केलं. बरोबरची एक आई दाभणला म्हणाली, "झालं गेलं विसरून जा आता."

"का?" दाभण म्हणाली. तिला खरंच कळेना.

तिने बटणला फाटकातून आत सोडलं, परत आली, आणि रिकामं शेपूट खडखडवत कामाला निघाली.